नाशिकमध्ये ट्रकवर बारमाही काम हवे असेल तर आधी माल बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तराचा रोख स्पष्ट राहील. तुम्ही निफाड तालुक्यातले, वय २३, जड वाहनाचा परवाना महिन्यापूर्वी हातात आला. अंबड आणि सातपूर या औद्योगिक वसाहतींतल्या सात-आठ ट्रान्सपोर्ट ऑफिसांत जाऊन आलात, पण प्रत्येक ठिकाणी "अनुभव किती?" एवढेच विचारून परत पाठवले. आडगाव नाक्यावरचा एक गाडीमालक मात्र लगेच गाडी द्यायला तयार आहे. काम रात्रीच्या भिवंडी लाइनचे, म्हणजे त्या ठरलेल्या मार्गावरच्या फेऱ्यांचे, पैसे ट्रिपवर, आणि अट अशी की परवान्याची मूळ प्रत त्याच्याकडे ठेवायची. वडील म्हणतात, आधी वर्षभर मामांच्या गाडीवर क्लीनर म्हणून जा. यातले काय करावे, आणि बारमाही काम कसे लागेल, हे तुम्ही विचारले आहे.

मी १४ वर्षे गाडी चालवली आणि गेली १६ वर्षे अंबडमधल्या एका वाहतूकदाराकडे गाड्या व चालक सांभाळतो, म्हणजे तुम्ही ज्या टेबलासमोर उभे राहून परत आलात तसल्याच एका टेबलामागे मी बसतो. या काळात एक गोष्ट सतत पाहिली आहे. नवा चालक आधी गाडी बघतो, मग पगार विचारतो, आणि गाडीत कोणता माल भरला जाणार हे त्याला सर्वांत शेवटी, बहुधा भरताना कळते. हा क्रम तुम्ही उलटा करावा. काम बारमाही राहते ते मालक भला असतो म्हणून किंवा गाडी नवी असते म्हणून नव्हे, तर गाडीत पडणारा माल वर्षभर निघतो म्हणून. ज्या मालाला हंगाम आहे त्या मालावरच्या चालकालाही हंगामच असतो.

आपल्या जिल्ह्यातला माल या दृष्टीने पाहिला तर ढोबळमानाने दोन प्रकारचा आहे. पहिला शेतमाल: लासलगाव-पिंपळगावचा कांदा, पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो, निफाड-दिंडोरीची द्राक्षे. तुम्ही निफाडचे असल्यामुळे हे मी सांगायला नको. द्राक्षांचा जोर साधारण जानेवारी ते एप्रिल, टोमॅटोचा पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून वर्षअखेरीपर्यंत. या दिवसांत गाड्या कमी पडतात आणि परवान्याची शाई वाळलेली नसली तरी कोणीतरी स्टेअरिंग हातात देते. नवख्याला हीच संधी वाटते. माझ्या मते तो सापळा आहे. घाईचा, नाशवंत, वेळेत न पोचला तर भाव पडणारा माल आणि त्याच्यामागे तगादा लावणारा व्यापारी, असे ओझे पहिल्याच वर्षी अंगावर येते, आणि हंगाम संपला की तोच मालक फोन उचलत नाही. कांद्याचे तर आणखी वेगळे. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली ती मे २०२४ च्या सुरुवातीला उठली. तेवढे महिने बंदराकडे जाणाऱ्या कांद्यावर पोट असलेल्या चालकांनी काय केले असेल याचा विचार करा. लिलाव बंद पडले की गाडी उभी, आणि ट्रिपवर पैसे घेणारा चालकही तिच्याबरोबर उभा.

दुसरा माल कारखान्यांचा आणि गोदामांचा. सातपूर-अंबडमधून चाकणकडे जाणारे वाहनांचे सुटे भाग, सिन्नरच्या माळेगाव आणि मुसळगाव वसाहतींतला माल, गोंदे-वाडीवऱ्हे पट्ट्यातले कारखाने, विल्होळी आणि आडगाव बाजूची गोदामे, पार्सल कंपन्यांच्या रात्रीच्या गाड्या, औषधे, दूध. हा माल दिवाळीचे चार दिवस सोडले तर थांबत नाही. त्याहून महत्त्वाचे असे की वाहन जुळवणाऱ्या कारखान्याला सुटा भाग ठरल्या वेळी दारात लागतो, आणि तो उशिरा आला तर तिकडची जुळणीची लाइन थांबते. म्हणून अशा मालावर रोज नवी गाडी आणि रोज नवा चालक कोणालाच परवडत नाही. त्यांना तोच माणूस, त्याच वेळी, त्याच गेटवर हवा असतो. या गरजेतच तुमची नोकरी दडलेली आहे. अशा लाइनवर ट्रिपचा आकडा शेतमालापेक्षा कमी दिसेल, पण वर्षाअखेरीस हिशोब केला तर ती पुढे निघते, हे मी दोन्ही प्रकारच्या चालकांच्या वह्या पाहून सांगतो.

सिंहस्थाच्या कामांमुळे सध्या डंपर आणि टिपरवर चालक शोधणारे पुष्कळ आहेत, याचा उल्लेख तुमच्या एका मित्राने केला असेलच. ते काम वाईट नाही, पण ते ठेकेदाराच्या बिलावर चालते आणि काम संपले की संपते. शिवाय खडी-मुरूम वाहून मिळालेला अनुभव कंटेनरवाला फारसा मोजत नाही. दुसरी गोष्ट मनमाडजवळच्या पानेवाडी परिसरातल्या इंधन डेपोंची. टँकरचे काम खरोखर बारमाही असते, पण धोकादायक माल वाहण्यासाठी तीन दिवसांचे वेगळे प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद लागते, आणि असा परवाना पाचऐवजी तीनच वर्षे चालतो. तिथे नवख्याला उभे करत नाहीत, आणि ते योग्यच आहे. दोन-तीन वर्षांनंतरचे ठिकाण म्हणून ते डोक्यात ठेवा.

आता "अनुभव किती?" या प्रश्नाकडे येतो. हा प्रश्न तुम्हाला अपमानासारखा वाटला असे तुमच्या लिहिण्यावरून जाणवते. विचारणाऱ्याच्या जागी बसून पाहा. मोटार वाहन कायद्याप्रमाणे वय किमान २० आणि हलक्या वाहनाचा परवाना निदान वर्षभर हातात असला की मालवाहू वाहनाचा शिकाऊ परवाना काढता येतो. यात तुम्ही भरल्या गाडीने घाट उतरला आहात की नाही हे कुठेच तपासले जात नाही. आरटीओच्या चाचणीला गाडी रिकामी असते. मालकाच्या गाडीचा हप्ता चालू असतो, आत कोणाचातरी लाखोंचा माल असतो, आणि त्याला तुमच्याबद्दल फक्त एक कार्ड दिसते. म्हणून "अनुभव किती" याचा खरा अर्थ "तुला ओळखणारा, तुझ्याबद्दल शब्द देणारा कोण आहे" असा असतो. वर्षांचा आकडा ही त्याची सोपी खूण, इतकेच.

तो शब्द देणारा माणूस तयार करण्याचा सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे छोट्या गाडीपासून सुरुवात. १४ किंवा १७ फुटी आयशर, फार तर १९ फुटी, शहर आणि वसाहतीतल्या फेऱ्यांसाठी. तुम्ही म्हणाल, मग जड वाहनाचा परवाना कशाला काढला? सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल दिला की हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहनही चालवता येते. त्यामुळे पिकअप आणि लहान टेम्पोंसाठी उमेदवारांची गर्दी आहे हे खरे. पण त्या गर्दीत जड परवाना असलेला तुम्ही एकटे वेगळे दिसता. ज्याच्याकडे चार आयशर आणि सहा दहाचाकी आहेत असा मालक आयशरवर माणूस घेताना मनात दहाचाकीचा विचार करतच असतो. एखाद्या रात्री मोठ्या गाडीचा चालक आजारी पडतो आणि यार्डातून गाडी फक्त लोडिंगपर्यंत न्यायची असते. माझ्या हाताखालचे निम्मे चालक असेच मोठ्या गाडीवर चढले. म्हणून अर्ज करताना एकाच आकाराच्या गाड्या असलेल्या मालकापेक्षा लहान-मोठ्या दोन्ही गाड्या असलेला मालक शोधा.

वडिलांचा सल्ला अर्धा बरोबर आहे. क्लीनरकी वर्षभर करू नका, कारण हल्ली बहुतेक लाइनच्या गाड्या क्लीनरशिवायच पळतात आणि वर्षभर शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाला चालक म्हणून कोणी मोजत नाही. पण मामांबरोबर दोन-तीन महिने अवश्य जा, आणि ते स्टेअरिंगसाठी नव्हे. ताडपत्री कशी घालायची, रस्सीची गाठ कशी मारायची की ओली झाली तरी हाताने सोडता येईल, वजनकाट्यावर गाडी कशी उभी करायची, लोडिंगला हमालांशी कसे बोलायचे, हे कोणतीही ड्रायव्हिंग स्कूल शिकवत नाही. मामा तयार असतील तर परतीच्या रिकाम्या गाडीवर सपाट रस्त्यावर त्यांच्या नजरेखाली हात साफ करा. तुमच्याकडे परवाना आहे, त्यामुळे त्यात बेकायदा काही नाही.

कार्यालयांत जाण्याची वेळही तुम्ही चुकवली असावी. संध्याकाळी चारनंतर ट्रान्सपोर्ट ऑफिसात लोडिंगची धांदल असते, फोन एकामागून एक वाजत असतात, आणि त्या वेळी दारात उभा असलेला अनोळखी मुलगा म्हणजे अडथळा. सकाळी साडेदहा-अकराला जा. रात्रीच्या गाड्या पोचल्याचे फोन येऊन गेलेले असतात आणि बोलायला माणूस मोकळा असतो. एकदा जाऊन "काही असेल तर कळवा" असे सांगून नंबर देणाऱ्याला कोणी कळवत नाही. त्याच ऑफिसात आठवड्याने पुन्हा जा, आणि पुन्हा. तिसऱ्या वेळी मी चेहरा ओळखतो, आणि त्याच दिवशी कोणी सुट्टीवर असेल तर पुढचा निर्णय आपोआप होतो. दुसरी युक्ती अशी की कार्यालयापेक्षा आधी टायरवाल्याकडे जा. आडगाव ट्रक टर्मिनलच्या आसपासचा किंवा अंबडच्या रस्त्यावरचा कोणताही जुना पंक्चरवाला घ्या. कोणत्या मालकाच्या गाड्या गुळगुळीत टायरवर पळतात, कोणाची उधारी सहा महिने थकते, कोणाचा चालक दर दोन महिन्यांनी बदलतो, हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नसते. चहा पाजा आणि विचारा. ज्या मालकाकडे चालक पाच-सात वर्षे टिकून आहेत त्याचे नाव तो लगेच सांगेल.

कोणीतरी ट्रायल घ्यायला तयार झाला तर तिथे काय पाहिले जाते, हे आमच्या यार्डातले उदाहरण देऊन सांगतो. मागच्या पावसाळ्यात एकाच सकाळी दोन मुले आली होती. मी ३२ फुटी कंटेनरची किल्ली पहिल्याच्या हातात दिली आणि डॉकला, म्हणजे माल चढवायच्या फलाटाला, रिव्हर्स लावायला सांगितले. तो थेट केबिनमध्ये चढला, सेल्फ मारला आणि आरशात बघत सफाईने मागे घेऊ लागला. हात चांगला होता. दुसऱ्याने किल्ली खिशात टाकली आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. खाली वाकून तेल गळते का पाहिले, मागच्या जोडटायरांत दगड अडकला आहे का हे बोटाने चाचपले, एअर टँकचा कॉक उघडून पाणी काढले. इंजिन सुरू केल्यावर एअर प्रेशरचा काटा वर येईपर्यंत तो गप्प बसून राहिला. अर्धी गाडी मागे गेल्यावर त्याने ब्रेक लावला, उतरला, मागे जाऊन डॉकची कड आणि वरचा पत्रा पाहिला, आणि पुन्हा चढला. त्याला गाडी लावायला तीन प्रयत्न लागले आणि पहिल्याला एकच. मी दुसऱ्याला ठेवले. रिव्हर्स महिनाभरात सुधारतो. उतरून बघण्याची सवय मात्र ज्याला आधीपासून नाही त्याला ती लावणे फार कठीण जाते, कारण उतरण्यात त्याला कमीपणा वाटतो.

घाटाबद्दल वेगळे लिहितो, कारण नाशिकच्या चालकाला घाट चुकत नाही. मुंबईकडे कसारा, पेठमार्गे गुजरातकडे सावळघाट आणि कोटंबी, धुळ्याकडे चांदवडजवळचा राहूड. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि तिथल्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा टाळता येतो. पण टोल कोण भरणार हे मालक ठरवतो, आणि बरेच मालक आजही गाडी घाटातूनच पाठवतात. जुना नियम असा की ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता त्याच गिअरमध्ये तो उतरा, आणि गिअर उतार सुरू होण्याआधी पाडा, मध्यावर नव्हे. वेग इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेकने धरायचा. पायाचा ब्रेक मधूनमधून नेमका दाबून सोडायचा, त्यावर पाय ठेवून बसायचे नाही. ब्रेक लायनरचा जळका वास आला की अभिमान बाजूला ठेवून सुरक्षित जागी गाडी उभी करा आणि ड्रम थंड होऊ द्या. त्यावर पाणी मारू नका. डिझेल वाचते म्हणून न्यूट्रलवर गाडी सोडणारे चालक तुम्हाला भेटतील आणि तेच शहाणपण तुम्हाला शिकवतील. त्यांच्या गाडीत बसू नका, एवढेच सांगतो.

कागदांकडे नवे चालक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि मालक चालकाला ठेवतो किंवा काढतो ते बहुतेक वेळा कागदांवरूनच. मी स्वतः हे पैसे मोजून शिकलो. १९९७ साली, गाडीवर लागून जेमतेम सात महिने झाले असताना, सातपूरच्या एका कारखान्यातून इंदूरसाठी खोकी भरली. पाऊस होता, मी केबिनमध्ये झोपलो, आणि पहाटे बिल्टीवर, म्हणजे मालाच्या वाहतूक पावतीवर, ४२० नग लिहिले होते तिथे न मोजता सही केली. इंदूरला ४१२ निघाले. आठ खोकी मुळात भरलीच गेली नव्हती की वाटेत गेली, हे आजही मला माहीत नाही. माझी सही होती, म्हणून तीन महिने माझ्या पगारातून कापले गेले, आणि त्या मालकाने मला पुन्हा इंदूर लाइन दिली नाही. तेव्हापासून लोडिंगच्या वेळी मी खडूने ओळी मारून मोजत असे. मोजू दिले नाही तर बिल्टीवर "नग चालकाने मोजले नाहीत" असे लिहून मगच सही करायची. गेटवर कुरकुर होते, पण लिहू देतात.

माल उतरल्यावर पोच घेताना तीच दक्षता. पोच, म्हणजे माल मिळाल्याची सही-शिक्क्याची प्रत, जोवर आमच्या टेबलावर येत नाही तोवर मालकाचे बिल निघत नाही आणि भाडे अडकून राहते. तिच्यावर घेणाऱ्याने "दोन खोकी ओली" असा शेरा मारला तर तिथेच ऑफिसला फोन करायचा, फोटो काढायचे आणि मगच गाडी हलवायची; नाशिकला येऊन सांगितलेली गोष्ट कोणी ऐकत नाही. ज्या चालकाची पोच दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ येते, त्याचे शंभर किलोमीटरमागचे डिझेल थोडे जास्त लागले तरी मालक कानाडोळा करतो. ई-वे बिलाचेही, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचेही, तसेच. निघण्यापूर्वी त्यावर आपल्याच गाडीचा नंबर आहे ना आणि मुदत पुरेशी आहे ना, हे पाहा. साधारण २०० किलोमीटरला एक दिवस अशी मुदत मिळते, आणि गाडी बिघडून ती संपत आली तर संपण्याच्या आठ तास आधीपासून नंतरच्या आठ तासांपर्यंत ती वाढवून घेता येते. हे काम ऑफिसचे, पण त्यांना वेळेत फोन करणे तुमचे. गाडी रस्त्यात अडवली गेली तर ऑफिस अंबडला असते आणि तुम्ही गाडीपाशी.

पैशांचे बोलणे स्पष्ट करा. पद्धती साधारण तीन आहेत: महिन्याचा पगार आणि दिवसाचा भत्ता, ट्रिपवर ठरावीक रक्कम, आणि ठेका, म्हणजे डिझेल-टोल-खर्चासकट एक रक्कम देऊन वाचेल ते चालकाचे. ठेक्याच्या वाटेला पहिली तीन वर्षे जाऊ नका. डिझेल वाचवण्याच्या नादात माणूस न्यूट्रल, रात्रीचा वेग आणि अर्धवट झोप या तिन्हींकडे ओढला जातो. पहिल्या दोन पद्धतींची तुलना कागदावर करा. उदाहरणादाखल समजा, एक मालक १८,००० रुपये पगार आणि दिवसाला ३०० भत्ता देतो; महिन्यात २४ दिवस गाडी चालली तर २५,२०० झाले. दुसरा ट्रिपला ३,५०० म्हणतो आणि महिन्याला दहा ट्रिपा सांगतो, म्हणजे तोंडी ३५,०००. पण ट्रिपा दहाच्या जागी सहा झाल्या की २१,००० उरतात, आणि वाटेतले जेवण व पंक्चर तुमच्याकडेच. म्हणून ट्रिपचा दर विचारण्याआधी "मागच्या महिन्यात या गाडीच्या किती ट्रिपा झाल्या?" असे विचारा, आणि शक्य असेल तर आधीच्या चालकालाच विचारा. मालक टाळाटाळ करू लागला तर उत्तर मिळाले असे समजा.

उचल घेऊ नका. लग्न, घर, आजारपण, कारण काहीही असो, पहिल्या वर्षी मालकाकडून मोठी रक्कम उचलली की ती फिटेपर्यंत तुम्हाला वाईट लाइन, वाईट गाडी आणि जादा वजन यांपैकी कशालाही नाही म्हणता येत नाही. चांगले चालक वाईट मालकाकडे वर्षानुवर्षे का राहतात, याचे कारण दहापैकी सात वेळा मला उचलीच्या वहीत सापडले आहे.

आता आडगावच्या त्या मालकाविषयी. रात्रीची लाइन म्हणून नकार देऊ नका. भिवंडी इथून सव्वाशे-दीडशे किलोमीटर आहे, आणि रात्री चालवणे शिकावेच लागेल. विचारायचे ते असे: दिवसा गाडी खाली होताना झोपायला कोण देणार? भिवंडीच्या गोदामांत नंबर लागेपर्यंत चालक रांगेतच असतो, दर दहा मिनिटांनी गाडी दोन फूट पुढे घेत असतो, आणि संध्याकाळी पुन्हा भरून निघा असा फोन येतो. मोटार वाहतूक कामगारांसाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा कायद्याने १९६१ सालीच घातली; लाइनच्या गाडीवर ती कितपत पाळली जाते हे मामांना विचारा. आठवड्याला किती फेऱ्या आणि मध्ये किती तास मोकळे, हे ठरल्याशिवाय हो म्हणू नका.

परवान्याची मूळ प्रत मात्र कोणत्याही परिस्थितीत देऊ नका. झेरॉक्स द्या, पडताळणीसाठी मूळ दाखवा आणि परत खिशात ठेवा; आधार कार्डाचेही तसेच, आणि सही केलेला कोरा चेक किंवा कोरा कागद तर नकोच. मूळ परवाना ठेवून घेणाऱ्या मालकाला चालक पळून जाण्याची भीती असते, आणि ती भीती त्याला का वाटते हे आधीचे चालक सांगू शकतील. डिजिलॉकरमधला परवाना तपासणीला चालतो, पण हा मुद्दा मालकालाही ठाऊक असतो आणि तो तुम्हाला तेच सांगून मूळ प्रत मागेल.

त्याला आणखी तीन गोष्टी विचारा. पहिली, गाडीच्या विम्यात पगारी चालकासाठीची जबाबदारी घेतली आहे का. पॉलिसीची प्रत पाहायला मागा. दुसरी, वजन किती भरणार. दहाचाकीचे गाडीसह एकूण वजन २८.५ टनांपर्यंत चालते. त्यावर गेले की २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनाला २,००० असा कायदा आहे, आणि परवाना निलंबित झाला तर तो तुमचा होतो, मालकाचा नव्हे. वजनकाट्याची पावती स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवत जा. तिसरी, अपघात झाला तर कोणाला फोन करायचा आणि वकील कोण पाहणार. कायद्याने चालकाने जखमीला मदत करायची असते आणि पोलिसांना लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, कळवायचे असते. जमावाची भीती खरी असते, पण जवळच्या पोलिस ठाण्यात जाऊन हजर होणे आणि पळून जाणे यांत कायदा फरक करतो. ज्या मालकाकडे या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तयार नसते, त्याने आजवर चालकाला अशा वेळी एकटेच सोडलेले असते.

मोठ्या वाहतूकदाराकडे गेलात तर भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) मिळतो का ते पाहा. पहिला साधारण २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होतो, दुसरा १० पासून. हातात येणारी रक्कम त्यामुळे थोडी कमी दिसते आणि तरुण मुले त्याच कारणाने अशी नोकरी नाकारतात. माझ्याच वयाचे, कंबर गेलेले दोन चालक आज निधीच्या पैशांवर उभे आहेत, आणि ज्यांनी तेव्हा "कापू नका, रोख द्या" म्हटले ते अजूनही गाडीवर आहेत.

शेवटी तुम्ही विचारले होते की ट्रेलर कधी चालवायला मिळेल. आयशरवर सहा महिने ते वर्ष, मग दहाचाकी किंवा ३२ फुटी कंटेनरवर दोन वर्षे, असा माझ्याकडचा नेहमीचा क्रम आहे. ट्रेलर वळणावर मागून आत ओढतो आणि रिव्हर्सला उलट फिरतो, त्यामुळे तो हात वेगळाच बसवावा लागतो. द्वारका चौकात दुपारी बारा वाजता रिक्षांमधून ३२ फुटी गाडी कोणालाही न शिवता बाहेर काढू शकलात की त्या दिवशी मालकाकडे ट्रेलरचा विषय काढा, त्याआधी नको.